नोकरी आणि साधना

नोकरी सोडल्याशिवाय मन शांत होणार नाही, असे तुम्ही गेल्या रविवारी म्हणालात, म्हणून हे लिहीत आहे. दांडिया बाजारातल्या ज्या अरविंद निवासात आपण ध्यानाला बसतो, तिथे एकेकाळी राहिलेले श्रीअरविंद 1893 ते 1906 अशी तेरा वर्षे बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. महसूल खात्याचे काम आणि कॉलेजातले अध्यापन केलेल्या या गृहस्थांनी 1904 च्या सुमारास, नोकरीत असतानाच, प्राणायामाला आरंभ केला.

मी तीस वर्षे मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब पाहिले. पहाटेचे ध्यान एकीकडे आणि दिवसभराची चिडचिड दुसरीकडे, अशी फाळणी मीच करून ठेवली होती. ती मिटली मजुरांच्या हजेरीपत्रकावर. ओव्हरटाइमचा एक आकडा घाईत चुकला की कुणाच्या तरी घरी महिनाअखेरीस पैसे कमी पडतात, हे उमगल्यावर मी प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून, त्या माणसाचे नाव मनात उच्चारून ती तपासू लागलो, आणि त्या अर्ध्या तासात मन जितके स्थिर होई तितके आसनावरही होत नसे.

तुम्हीही कामातला असा एकच तुकडा निवडा आणि तेवढा वेळ फोन खणात ठेवा. ध्यान दहा मिनिटांचे चालेल; वेळ मात्र बदलू नका. रात्री उशिरापर्यंत राबवून घेणाऱ्या वरिष्ठांना नकार देणे साधनेच्या आड येत नाही, तो आवाज न चढवता, पण स्पष्ट द्या. येत्या रविवारी भेटलात की कोणता तुकडा निवडलात, ते सांगा.