सर्वश्रेष्ठ आणि सर्वांत प्रभावी कॉमिक्स-लेखक कोण? चित्रकारांनाही त्यात धरावे का?

प्रश्नाच्या शेवटी जोडलेला ‘चित्रकारांनाही’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. कॉमिक्समध्ये चित्रकाराला आधी धरायचे असते, लेखकाला नंतर.

1978 च्या उन्हाळ्यात धरमपेठेतला माझा आतेभाऊ आमच्या महालातल्या घरी मुक्कामाला होता. नागपूरच्या दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे, म्हणून वाळ्याच्या पडद्याआड सतरंजी टाकून आम्ही भाड्याने आणलेली इंद्रजाल कॉमिक्स आलटूनपालटून वाचत असू. वेताळाचे, म्हणजे फँटम या जंगलातल्या नायकाचे जनक लेखक ली फॉक, हे त्याला पाठ होते. पण ते जंगल आणि कवटीच्या आकाराची ती गुहा ज्यांच्या हातची होती, ज्यांनी 1961 पासून 1994 पर्यंत वेताळ रेखाटला, त्या साय बॅरी यांचे नाव त्याच्या गावीही नव्हते. त्याच सुट्टीत आम्ही शंभर पानी वहीत स्वतःचे कॉमिक रचले. अंबाझरी तलावाखाली भुयार असते आणि ते सीताबर्डीच्या किल्ल्यात निघते, एवढी गोष्ट त्याने गच्चीवर पाच मिनिटांत सांगून संपवली. भुयार कुठे वळते, मशाल कधी विझते, नायक कोणत्या चौकटीत मागे पाहतो, हे सारे बत्तीस पानांत मी ठरवले. पुढे त्यातली चार पाने आमच्या शाळेच्या वार्षिकांकात छापली गेली, तेव्हा शीर्षकाखाली नाव आले ते एकट्या त्याचे.

म्हणून माझ्या लेखी पहिला मान अमेरिकी चित्रकार जॅक कर्बी यांचा. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत लेखक स्टॅन ली कथेचा थोडक्यात आराखडा देत, चित्रकार पानेच्या पाने रचून आणत आणि संवाद ली नंतर भरत. ‘फँटॅस्टिक फोर’च्या 1966 मधल्या एका अंकाची पाने हाती आली, तेव्हा अवकाशातून फळीवर उभा राहून येणारा रुपेरी माणूस ली यांनी प्रथमच पाहिला, ठरलेल्या कथेत तो नव्हताच. सिल्व्हर सर्फर कर्बींनी कागदावरच जन्माला घातला होता. तरीही लोकांच्या तोंडी नाव असते ते लींचेच.

आपल्याकडे प्रभावाच्या बाबतीत 1967 मध्ये अमर चित्र कथा सुरू करणाऱ्या अनंत पै यांच्या तोडीचा कोणी नाही, हे मान्यच आहे. परंतु ‘टिंकल’ मासिकातल्या भोळ्या सुप्पंदीला रूप देणाऱ्या राम वाईरकरांचे नाव किती मराठी घरांत घेतले जाते? जपानचे तेझुका आणि ‘टिनटिन’वाले हर्जे स्वतःच लिहीत आणि स्वतःच काढत, त्यामुळे तिथे भांडणाला जागा नाही.

उलट उदाहरणही आहे, ते लपवणे बरे नाही. 1939 मध्ये आलेल्या बॅटमनचे सारे श्रेय चित्रकार बॉब केन यांना मिळाले. लेखक बिल फिंगर यांचे नाव अधिकृतपणे लागले ते 2015 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 41 वर्षांनी. हे मला आतेभावानेच गेल्या दिवाळीत संत्रा बर्फी खाता खाता ऐकवले. त्यावर मी म्हटले की बॅटमनचा मुखवटा आणि झगाही फिंगर यांनीच सुचवला होता, म्हणजे तेही निम्मे चित्रकारच. त्याला हे पटले नाही. आमची वही अजून त्याच्याच कपाटात आहे आणि मागितली की तो म्हणतो, “गोष्ट तर माझी होती ना बे!”