बाणाची काठी आणि पिनाकाचा ट्रक

प्रश्न : २६ जानेवारीच्या संचलनात पिनाका या भारतीय रॉकेट-तोफेची १२ रॉकेटे एकाच ट्रकवर दिसतात. मोठ्या तोफा मात्र मागून ओढत नेतात. रॉकेटांना ट्रक कसा पुरतो?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : फरक धक्क्याचा आहे. तोफेची दारू बंद नळीत पेटते. गोळा पुढे सुटतो तशी नळी मागे रेटली जाते. म्हणून जाड नळी, धक्का झेलणारी यंत्रणा आणि जमिनीत रुतणारे फाळ लागतात. (१५५ मिमीची तोफही आता ट्रकवर बसवतात, पण फाळ टेकवूनच.) रॉकेटाची नळी मागून उघडी असते, वायू सरळ निघून जातो. नळीने फक्त दिशा द्यायची, त्यामुळे ती पातळ चालते.

तरी ट्रक हलतोच. सोव्हिएत अभियंत्यांनी आधी जिस-५ ट्रकवर, नळ्यांऐवजी रॉकेटे ज्यांवरून सुटतात ते रूळ आडवे बसवले. गाडी डुलायची, नेम बिघडायचा. मग तीन आसांच्या जिस-६ वर रूळ लांबीच्या दिशेने घेतले आणि मागे जॅक दिले. हीच बीएम-१३, म्हणजे 'कात्युशा' : ८ रूळ, प्रत्येकावर एक रॉकेट वर, एक खाली, १३२ मिमीची एकूण १६ रॉकेटे, पल्ला सुमारे साडेआठ किमी. १४ जुलै १९४१ रोजी ओर्शा येथे तिने पहिला मारा केला. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडवलेला पिनाका टाट्रा ट्रकवर टेकू लावून उभा राहतो आणि १२ रॉकेटे ४४ सेकंदांत सोडतो. दोन रॉकेटांमधले चारेक सेकंद गाडी स्थिरावायला कामी येतात.

प्रश्न : दिवाळीच्या बाणाला काठी लागते, ग्रॅड या ट्रकवरच्या सोव्हिएत रॉकेट-तोफेच्या रॉकेटाला का नाही? आणि वारा असला तर?
– एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : काठी म्हणजे शेपूट. १२२ मिमीच्या ग्रॅडला त्याऐवजी दुमडलेले पंख असतात, ते नळीबाहेर उघडतात. शिवाय नळीतल्या वळणदार खाचेमुळे रॉकेटाला मंद फिरकी मिळते. जोर किंचित तिरका लागला, तरी फिरण्यात तो सर्व बाजूंना वाटला जातो.

वाऱ्याची गंमत मात्र गच्चीवरही दिसते. बाण वाऱ्यासोबत जाईल असे वाटते, पण जळत असताना तो वाऱ्याच्या तोंडावर जातो! वारा शेपटाला ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळते आणि जोर नाकाच्या दिशेने लागतो. इंधन संपले की मग तो वाऱ्यासोबत सरकतो. नळीतून निघताना रॉकेटाचा वेग गोळ्याच्या मानाने फार कमी असतो, म्हणून सुरुवातीचीच चूक सर्वांत महागात पडते. इंधनाचे तापमानही पाहावे लागते : मे महिन्याच्या उन्हात तापलेले इंधन भरभर जळते, लडाखच्या थंडीत रेंगाळते, आणि नेमात तशी दुरुस्ती करावी लागते. एवढे करूनही साधी रॉकेटे विखुरतातच. म्हणून तर ग्रॅड २० सेकंदांत ४० सोडते. एकेका लक्ष्यावर नेम धरायचा, तर पिनाकाच्या नव्या प्रकारासारखे पुढे हलते पंख आणि दिशादर्शक यंत्रणा हवी.

प्रश्न : मारा झाल्यावर गाडी लगेच जागा का सोडते?
– एक वाचक, महू

उत्तर : धूर, धूळ आणि जाळ लांबून दिसतात, आणि रडार रॉकेटांच्या वाटेवरून मूळ जागा काढते. त्यात भरणीला वेळ लागतो : ग्रॅडची सुमारे ६६ किलोची रॉकेटे हातांनी एकेक सरकवतात. पिनाकाची सहा-सहांची पेटी क्रेनने बदलतात, तीही दुसऱ्या जागी जाऊन.