बिस्मार्क पामच्या बिया चार महिने झाले तरी उगवल्या नाहीत, फेकून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की हवा बारा महिने उबदार आहे, बिस्मार्क पाम आणि लाल देठाचा लिपस्टिक पाम या दोन्हींच्या बिया मागवून उथळ ट्रेमध्ये लावल्या, रोज पाणी घालताय आणि वर काहीच दिसत नाही.

फेकू नका. आणि बिस्मार्कच्या बिया तर बोटाने उकरूनही बघू नका. मी नेमकं तेच केलं होतं. पाच महिने वाट पाहिली, वैतागलो आणि ट्रे उपडा केला. प्रत्येक बीतून पेन्सिलीएवढा जाड पांढरा दोर निघून तळाशी वेटोळं घालून बसला होता. माझ्या धसमुसळेपणात बहुतेक सगळे तुटले. तुटलेला दोर पुन्हा फुटत नाही.

बिस्मार्क, ताड, सेशेल्सचा जुळा नारळ ही मंडळी बी आहे तिथेच पान काढत नाहीत. बीजपत्राचा देठ नळीसारखा लांबत जातो आणि भ्रूणाला आधी जमिनीत खोल नेऊन सोडतो. मूळ तिथून सुटतं, पहिलं पानही तिथूनच वर येतं. मादागास्करच्या वणवे लागणाऱ्या गवताळ माळावर बिस्मार्क वाढतो. रोपाचा कोवळा शेंडा सुरुवातीला जमिनीखाली राहणं तिथे फायद्याचंच. म्हणून या जातींना रुंद नाही, खोल भांडं लागतं. निदान 35-40 सेंटिमीटर. मी आता जाड पाइपचे तुकडे उभे करून त्यात लावतो.

लिपस्टिक पामचं सगळंच उलट. तो मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतला. बी बारीक, कोंभ बीला चिकटूनच येतो, त्यामुळे उथळ ट्रे चालतो. पण बी एकदा सुकली की संपली. बिया कागदी पाकिटात खडखडीत कोरड्या आल्या असतील तर मला फारशी आशा वाटत नाही. खात्री करायची तर एक बी कापा. आत एका बाजूला खळगीत इवलासा भ्रूण असतो. तो पांढरा आणि भरलेला असेल तर थांबा. तपकिरी किंवा आक्रसलेला दिसला, तर उरलेल्यांचंही बहुधा तेच झालंय. पाण्यात तरंगली ती बी वाया, ही परीक्षा पामला लावू नका. नारळ समुद्रावर तरंगतच किनाऱ्याला लागतो आणि रुजतो.

दुर्मिळ पामचं बी घेताना मी एकच प्रश्न विचारतो: फळ झाडावरून कधी उतरवलं? महिन्याचा हिशेब मिळत नसेल तर घेत नाही, मग जात कितीही दुर्मिळ असो. एकदा ताहिनाच्या बियांचा मोह झाला होता. उत्तर-पश्चिम मादागास्करमधला हा प्रचंड पाम शास्त्राला 2008 साली माहीत झाला. जन्मात एकदाच फुलतो, फळतो आणि मरतो. असल्या झाडाचं बी वारंवार मिळत नाही, म्हणून विकणारा जुनंही 'ताजं' म्हणून खपवतो. मी फसलो. सगळ्या कुजल्या.

उबदार हवेचा फायदा नक्की आहे. बहुतेक उष्णकटिबंधीय पामना रुजायला 27 ते 35 अंश लागतात आणि ते तुम्हाला फुकट मिळतात. पण याच उबेत जास्तीचं पाणी बी कुजवतं. रोजचं पाणी आधी बंद करा. बारीक बियांसाठी मी झिपलॉक पिशवीत ओलसर कोकोपीट घेतो. मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. पिशवी सावलीत. उन्हात ठेवली तर आत बिया शिजतात, हाही अनुभव घेऊन झालाय. फळाचा गर चिकटलेला असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून चोळून काढा, बुरशी त्याच्यावरच धरते. भेरली माडाची फळं मात्र हातमोज्यांशिवाय सोलू नका. त्यांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, हात खाजून खाजून जीव नकोसा होतो. बी लवकर रुजावी म्हणून जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. काही जातींत त्याने रोपं लुकडी होऊन आडवी पडतात.

तुमच्या बिस्मार्कचं आता असं करा. ट्रे उचलून खालच्या भोकांतून पांढरं टोक डोकावतंय का बघा. दिसलं तर ट्रे पाण्याच्या टबात बुडवा, माती आपोआप सुटू द्या आणि दोराला धक्का न लावता एकेक बी खोल कुंडीत सरकवा. बी वर, दोर सरळ खाली. पान आल्यावरही बी तोडून टाकू नका, रोप कितीतरी महिने तिच्यातूनच पोसलं जातं. काहीच दिसलं नाही तर ट्रे जागेवर ठेवून अजून सहा महिने थांबा. लिपस्टिकची एक बी मात्र आजच कापून बघा.