रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० ही मोटारसायकल घेतली आहे. जळगावच्या उन्हात आणि रस्त्यांवर आधी कोणते बदल करावेत?

सायलेन्सरपासून सुरुवात करू नका. या ६४८ सीसीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचा घुमणारा आवाज त्याच्या २७० अंशांच्या क्रँकमुळे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या रचनेमुळे येतो, तो मूळ सायलेन्सरमधूनही सुंदरच ऐकू येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करता येत नाही.

पहिला खर्च चाकांसाठी राखून ठेवावा. आपल्याकडे बांधाबांधावर बाभळी आहेत, आणि तारांच्या चाकातील ट्यूबला काटा लागला की चाक खोलल्याशिवाय गत्यंतर नसते. कंपनीने २०२३ मध्ये काही रंगांत मिश्रधातूची ट्यूबलेस चाके दिली. आपल्या गाडीला तशी चाके नसतील, तर सुटी ट्यूब, टायर काढण्याचे पाने आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवावा.

दुसरी गोष्ट ऑइल कूलर, म्हणजे इंजिनातले तेल थंड करणारा भाग. हे इंजिन हवा आणि तेल यांवरच थंड होते, त्यामुळे पारा ४५ अंशांकडे झुकू लागल्यावर समोरच्या चाकामागे असलेल्या या कूलरवर सारी मदार असते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच्या पातळ पात्यांमध्ये वाळून घट्ट बसतो. तो साध्या पाण्याने भिजवून मऊ ब्रशने हलकेच काढावा, कारण जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात. खडीपासून बचावासाठी कूलरपुढे धातूची जाळी बसवल्यास पैसे सत्कारणी लागतात.

टाकी १३.७ लिटरचीच आहे, म्हणून तोरणमाळला जाताना शहाद्यातच पेट्रोल भरून घ्यावे. क्रॅश गार्ड घ्यावाच की नाही, हा प्रश्न सावकाश ठरवला तरी चालेल.