नागपुरात पूर आला तर घरोघरची उरलेली औषधं गोळा करून वस्तीत वाटावीत का?

नको. कापलेल्या पट्टीवर मुदत दिसत नाही, नाव अर्धंच उरतं, आणि ती निवडण्यातच फार्मासिस्टचा दिवस जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार दानातल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान १ वर्ष उरलेली हवी. रुग्णांनी परत केलेली औषधं चालत नाहीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, तशा वेळी आधी माणशी दिवसाला १५ लिटर पाणी बघा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, म्हणून गाळूनच टाका आणि अर्धा तास थांबा. ओआरएस देताना पुडीवरचं माप वाचून दाखवाच. १ लिटरची पुडी एका पेल्यात घोळली, तर बाळाच्या रक्तात मीठ वाढतं. ते जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्या वाहून गेलेल्यांची यादी मनपाच्या दवाखान्यात त्याच दिवशी द्या.