रिसॉर्टची सुपारी की तालुक्यातला श्रोता?

प्रश्न: मी कुडाळ तालुक्यातला, टीवायबीकॉमला आहे. आम्हा पाच मित्रांचा बँड आहे. हिंदी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवतो, शिवाय मालवणीत स्वतःची सहा गाणी केली आहेत. सीझनला तारकर्लीकडच्या रिसॉर्टच्या सुपाऱ्या मिळतात. रात्रीचे ८,००० रुपये मिळतात, त्यातले ३,००० साउंड आणि टेम्पोला जातात. इन्स्टाग्रामवर चार हजार फॉलोअर आहेत, पण तिकीट लावून स्वतःचा कार्यक्रम केला तेव्हा ४० माणसं आली आणि त्यातली निम्मी नातेवाईक. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, मित्र म्हणतात पुण्याला जाऊया. काय करू?

उत्तर: निम्मे नातेवाईक, म्हणजे २० जण परके. स्वतःच्या खिशातले पैसे देऊन आलेले. तू हे रडक्या सुरात लिहिलं आहेस, पण मला तुझ्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटली. ते २० जण कुठल्या गावचे होते, त्यांना कोणी सांगितलं, त्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत का? बहुतेक नसतील. पुढच्या कार्यक्रमाला दारात वही ठेवून एकाला बसवा.

रिसॉर्टची सुपारी सोडू नका. डोई हजार रुपये मिळतात, त्यातून तारा आणि पेट्रोल तरी निघतं. पण तिथे बसलेला माणूस सुरमईच्या थाळीबरोबर ओळखीचं हिंदी गाणं मागतो आणि सकाळी गाडी काढून घाटावर जातो. अशा कितीही रात्री वाजवलंत तरी कुडाळात तुमचा एक श्रोता वाढणार नाही. तिथे एवढंच करा: दोन कव्हरच्या मध्ये आपलं एक मालवणी गाणं सरकवा आणि वाढपी, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक यांच्याकडे बघा. ती तुमच्याच गावची माणसं. त्यांची मान हलली तर गाणं चाललं.

श्रोता कसा बांधायचा हे शिकायला पुण्याला कशाला जायचं? डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला जा. दोन बुवा (मुख्य गायक), दोन मंडळं समोरासमोर, पखवाज-पेटी-झांज, आणि बुवाची बारी ऐकायला तीन गावं ओलांडून मोटरसायकलवर आलेली पोरं. बॅनरवर बुवाचं नाव बघून माणसं येतात. अभंगात, गवळणीत, समोरच्याला हाणलेल्या टोल्यात आपला बुवा आज काय नवं काढतो, हे त्यांना बघायचं असतं. दशावतारी नाटकांचंही तसंच. कितीतरी जत्रांना वर्षानुवर्षं तीच कंपनी ठरलेली असते. तेच गाव, तीच तिथी, तेच लोक पुन्हा. तुम्ही मात्र आज तारकर्ली, उद्या वेंगुर्ला, परवा गोव्याचा एखादा शॅक. माणसाने तुम्हाला पुन्हा शोधायचं कुठे?

म्हणून सध्या एकच तालुका धरा. वाचनालयाचा किंवा शाळेचा ६०-७० खुर्च्यांचा हॉल घ्या. मोठं नाट्यगृह नको, रिकाम्या खुर्च्या बघून आलेल्याचाही जीव जातो. दर दोन महिन्यांनी ठरलेला वार ठेवा, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा शनिवार. सातला सुरू, नऊच्या आत संपवा, म्हणजे लांबच्या वाडीतल्यांना परतायला उशीर होत नाही. उघड्यावर केलंत तर लाउडस्पीकरची पोलीस परवानगी आधी काढा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, अपवाद सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांचा.

वहीतल्या नंबरांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तिची गंमत अशी की ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल त्यालाच मेसेज पोहोचतो. त्यामुळे आलेल्या माणसाला दारातच हसत सांगा, ‘नंबर सेव्ह करा हां.’ तुमचे खरे फॉलोअर ते. इन्स्टाचे चार हजार राहू देत, त्यातले जास्त कुठल्या शहरांतले आहेत हे, खातं प्रोफेशनल असेल तर, ॲपच तुला दाखवेल. बघ एकदा.

शेजारच्या गोव्यातलं उदाहरण घे. गायक रेमो फर्नांडिसने १९८४ साली शिवोलीच्या घरात बसून अल्बम रेकॉर्ड केला, वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. मुंबईच्या कंपन्या नंतर आल्या. आता दुकानांची गरज नाही म्हणशील. खरं आहे, पण स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला २०२४ पासून पैसेच मिळत नाहीत. तेवढा आकडा गाठायलाही सुरुवातीला ओळखीचेच कान लागतात.

आणखी एक, आणि हे तुम्ही पाचही जण टाळत असणार: सहा गाण्यांत शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे आजच कागदावर लिहून सह्या करा. कायद्याने शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. मैत्री चांगली आहे तोवर हा कागद दहा मिनिटांत होतो. मग गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसमध्ये नाव नोंदवा. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून त्यांच्यासाठी रॉयल्टी, म्हणजे गाणं वाजवल्याचं मानधन, गोळा करते. कव्हर वाजवताना ती गाणी वाजवायचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हेही सुपारी घेतानाच आयोजकाला विचारत जा.

आता पुणे. तिथे तुमच्यासारखे बँड पुष्कळ आहेत. खोलीभाडं भरायला तुम्ही नोकऱ्या धरणार, मग पाच जणांची रिहर्सल एका वेळेला जमणार नाही. कुडाळातच एक हॉल सलग तीनदा भरला, की बोलावणं येईल तेव्हा पुण्याला जाऊन वाजवा. राहायला जायची घाई नको.

बाबांशी भांडू नकोस. बँकेच्या परीक्षा दे, फक्त ग्रामीण बँक आणि जिल्हा बँकेच्या जागांकडे आधी बघ, म्हणजे निदान आसपास राहायची शक्यता राहील. राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी झालास तर बदल्या आल्या, आणि तेव्हा बँड टिकवणं अवघड. हे आत्ताच मित्रांना सांगून टाक. बीकॉम आहेस, तर बँडचा हिशेब तू ठेव, वेगळं बँक खाते उघड, प्रत्येक सुपारीतले थोडे बाजूला काढ. ड्रमरला किंवा कोणाला कान असेल त्याला लग्नसराईत आणि गणपतीत एखाद्या साउंडवाल्याच्या हाताखाली पाठव. मिक्सर हाताळता आला की बँड नसतानाही त्याला काम मिळतं, आणि तुमचा साउंडचा खर्च कमी होतो.

सहाव्या सेमिस्टरची परीक्षा होईपर्यंत नवी सुपारी नको. त्यानंतर मे महिना येतो, चाकरमानी गावात असतात आणि जूनच्या पावसाआधीचा तोच शेवटचा मोकळा महिना. त्याच्या दुसऱ्या शनिवारसाठी हॉलची अनामत आत्ताच भरून ठेव.