८० नॅनोमीटरचा सिलिका थर ‘शोषतो’ असं अहवाल म्हणत असेल तर

आरशाच्या अ‍ॅल्युमिनिअमवर संरक्षक म्हणून ८० नॅनोमीटर सिलिका, ५५० नॅनोमीटर तरंगलांबीला परावर्तन ९२ वरून ८२.५ टक्क्यांवर, आणि प्रयोगशाळेचा शेरा ‘थरात शोषण’. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. ऑक्सिजन कमी पडल्याने सिलिका शोषते असं समजून चेंबरमधला (थर बसवण्याच्या निर्वात पेटीतला) ऑक्सिजन इतक्यात वाढवू नका.

सिलिकाचा अपवर्तनांक १.४६ आणि शोषण शून्य धरून गणित करा. लंब आपाताला (प्रकाश सरळ समोरून पडताना) परावर्तन तरीही ८४ च्या आसपास येतं, कारण नेमक्या याच जाडीला परावर्तन तळाला जातं. थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या लाटा इथे एकमेकींना कापतात, धातूपाशी विद्युतक्षेत्र वाढतं आणि जास्तीचा प्रकाश अ‍ॅल्युमिनिअम गिळतो. बदनाम मात्र सिलिका. जाडी १७५ च्या आसपास नेलीत की परावर्तन पुन्हा ९२. संरक्षक थराची प्रकाशीय जाडी (जाडी गुणिले अपवर्तनांक) अर्ध्या तरंगलांबीजवळ ठेवतात ती म्हणूनच.

उरला दीड टक्का. तो बहुधा विखुरलेला प्रकाश. पृष्ठाचा खडबडीतपणा σ ६ नॅनोमीटर आरएमएस (चढउतारांची वर्गमध्यमूळ सरासरी) आणि तरंगलांबी λ ५५० असेल तर (४πσ/λ)² या सूत्राने जवळपास तेवढाच येतो. सूत्र नुसत्या पृष्ठाचं आहे, वर थर असताना अंदाजापुरतंच घ्या.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते अशाच एका मोजणी केंद्राने. शंभरातून आरशासारखं परावर्तन वजा केलं, उरलं ते ‘शोषण’ म्हणून छापलं. विखुरलेला प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचत होता का, या प्रश्नाला उत्तर म्हणून तोच अहवाल पुन्हा. अशा आकड्यावरून k (थर किती शोषतो ते सांगणारा अंक) फिट केला की सॉफ्टवेअर गुमान देतं, आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

माझ्या मते, इंटिग्रेटिंग स्फिअरशिवाय (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा, आतून पांढरा पोकळ गोल) k वर बोलूच नये. ८ अंशांवर दोनदा मोजा: स्पेक्युलर पोर्ट (आरशासारखा परतणारा प्रकाश बाहेर सोडणारं भोक) बंद ठेवून एकूण, उघडून फक्त विखुरलेला. थर बसवण्याच्या त्याच रनमध्ये क्वार्ट्झ काचेचा एक तुकडा ठेवा, त्यावर अ‍ॅल्युमिनिअम नको. थर खरंच शोषत असेल तर तिथे पारगमन (आरपार जाणारा प्रकाश) आणि परावर्तनाची बेरीज घटलेली दिसेल.

विखुरणं जास्त निघालं तर आधी अ‍ॅल्युमिनिअम तपासा: काच गरम होती का, बाष्पीभवन रेंगाळलं का? ते थंड काचेवर, चांगल्या निर्वातात, झपाट्याने बसवायचं असतं. तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही, तेव्हा वेग तुम्हीच ठरवा.

जाता जाता: हाच आरसा इन्फ्रारेडमध्ये तिरका वापरणार असाल तर ८ मायक्रॉनजवळ पी-ध्रुवित प्रकाशात (ज्याचं विद्युतक्षेत्र आपाताच्या प्रतलात असतं) परावर्तनात खड्डा दिसेल. ते शोषण खरोखर सिलिकाचंच, आणि रेसिपी बदलून ते जात नाही.